कुंडीतल्या नव्या रोपांची शुश्रूषा

गेल्या पावसाळ्यात माझे एक जुने रुग्ण, सत्तरीतले निवृत्त शिक्षक, डेंग्यूच्या तापाने अंथरुणाला खिळले. त्यांना पाहण्यासाठी घरी गेलो, तेव्हा गॅलरीत ओळीने मांडलेल्या आठ-दहा कुंड्या दिसल्या. तुळस, पुदिना, गवती चहा, पानओवा. सारी रोपे महिन्याभरापूर्वी रोपवाटिकेतून आणलेली आणि सारीच मलूल. "डॉक्टर, दोन्ही वेळा न चुकता पाणी घालतो, तरी ती धरत नाहीत," सर खिन्नपणे म्हणाले. मी एक कुंडी उचलून पाहिली. खालची ताटली पाण्याने काठोकाठ भरली होती आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. रोपांच्या दुखण्याचे, आणि कदाचित सरांच्याही, मूळ त्या ताटलीतच होते.

रोप माना का टाकते?

पिशवीतून कुंडीत हलवताना रोपाची केसासारखी बारीक मुळे तुटतात. पाणी शोषण्याचे काम प्रामुख्याने तीच करतात. पानांतून बाष्प मात्र बाहेर पडतच राहते. त्यामुळे माती ओली असूनही रोप कोमेजते. आपण ते तहानलेले समजून आणखी पाणी घालतो. मातीतली हवा नाहीशी होते आणि उरलेली मुळे गुदमरून कुजतात. शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या माणसाला पंचपक्वान्नांचे ताट वाढावे, तसाच हा प्रकार. त्याला हवी असते विश्रांती आणि बेताचा आहार.

पहिले पंधरा दिवस

लागवड सायंकाळी करावी. कुंडीच्या तळाला भोके असावीत. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग जाडसर वाळू हे मिश्रण पुरेसे होते. पिशवी कापून काढावी. मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नये. खोड पूर्वी होते तेवढेच मातीत राहावे. मग तळातून झिरपेपर्यंत एकदाच पाणी द्यावे.

पुढचे चार-पाच दिवस कुंडी उजेडाच्या, पण सावलीच्या जागी ठेवावी. नंतर सकाळचे कोवळे ऊन तासभर दाखवून रोज थोडे वाढवत न्यावे. पाणी घालण्यापूर्वी बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर पाणी नको. पानओव्याची पाने मांसल असतात, त्याला पाणी आणखी कमी लागते. तुळशीच्या मंजिऱ्या खुडाव्यात, गवती चहाची पाती वीतभर ठेवून छाटावीत. पुदिना पसरतो, म्हणून त्याला स्वतंत्र कुंडी द्यावी. कोथिंबिरीचे सोटमूळ हलवणे सोसत नाही. तिचे धणे थेट कुंडीतच पेरावेत. नवी पालवी फुटेपर्यंत वरखत देऊ नये आणि पानेही तोडू नयेत. रोपवाटिकेत फवारणी झालेली असू शकते, त्यामुळे ही प्रतीक्षा आपल्याही हिताची.

घरच्यांची काळजी

डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण 7 ते 10 दिवसांत त्यांचे डास होतात. ही अंडी कोरड्या ताटलीलाही चिकटून काही महिने तग धरतात. म्हणून पाणी ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्यातून एकदा ताटली घासूनच धुवावी. मधुमेहींनी मातीत काम करताना हातमोजे घालावेत, आणि मातीने भरलेली जखम झाल्यास धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांना विचारावे. आणखी एक गोष्ट: गवती चहाने घशाला बरे वाटते, परंतु ताप दोन दिवसांत न उतरल्यास काढ्यावर विसंबून राहू नये.

सर सुदैवाने बरे झाले. गवती चहा गेला, पुदिना मात्र तगला. दिवाळीच्या सुमारास ते दवाखान्यात आले, तेव्हा त्यांच्या हातात त्याची एक लहानशी जुडी होती. "आता आधी माती चाचपतो, मगच तांब्या उचलतो," ते म्हणाले.