हंगामात दवाखान्याचा दिवस

सकाळी 7
सोयाबीनची काढणी जोरात आली की हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावात शटर वर जाण्याआधीच दवाखान्याच्या पायरीवर माणसं बसलेली असतात. बरेचसे रात्रभर हडंब्यावर, म्हणजे मळणीयंत्रावर होते. डोळे लाल, नाक गळतंय, शिंकांवर शिंका. मळणीची धूळ आणि त्यातली बुरशी नाकात गेली की तिथल्या मास्ट पेशी आपल्याजवळचा हिस्टामिनचा साठा मोकळा करतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपतं, खाज सुटते. तोंडाला ओलं फडकं बांधा, हा सल्ला दरवर्षीचा, ऐकणारे थोडेच.

सकाळी 8.30
"साहेब, एव्हिलची सुई मारा, लगेच मोकळं होतंय." हा गडी दुपारी ट्रॅक्टर चालवणार आहे. माणसाला जागं ठेवण्याचं काम मेंदूतलं हिस्टामिन करतं आणि ते अडवणारं एव्हिल मेंदूपर्यंत पोचतं. म्हणून झापड येते. त्याला मेंदूत फारसं न शिरणारं फेक्सोफेनाडिन लिहून दिलं. सुई न मिळाल्याने तो थोडा नाराजच गेला.

सकाळी 10.30
एक काकू आल्या. पापण्या, मानेच्या घड्या, कोपराचा आतला भाग काळवंडून जाड झालाय. "इतक्या गोळ्या खाल्ल्या, काहून फरक पडंना?" धुऱ्यावर गाजरगवत माजलंय, ते त्या हातानं उपटतात. 1950च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे तण आज गावागावात आहे. त्याच्यामुळे येणारा हा त्वचारोग रोगप्रतिकारशक्तीतल्या टी पेशींचा. तो एक-दोन दिवसांनी उफाळतो आणि त्यात हिस्टामिनचा हात फारसा नसतो. मग हिस्टामिनविरोधी गोळी करणार काय? मलम दिलं. गवताला फूल येण्याआधी, पूर्ण बाह्यांचा सदरा नि हातमोजे घालून, आणि शक्यतो दुसऱ्या कुणाकडून ते उपटून घ्या, असं सांगितलं.

दुपारी 12.30
आजोबांना छातीत जळजळ. त्यांना फॅमोटिडिन दिलं. हीसुद्धा हिस्टामिन अडवणारीच गोळी, फक्त दार वेगळं. हिस्टामिनला पेशींवर चार दारं आहेत, एच1 ते एच4. खाज-शिंका एच1मधून, जठरातलं आम्ल एच2मधून. एच2 अडवणारं औषध शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना 1988 साली नोबेल मिळालं.

पण एच2चं काम जठरापुरतं नाही. दाव्होसच्या संशोधकांनी 2001 साली दाखवलं, की टी पेशींवर एच1 जास्त असेल तर हिस्टामिन त्यांना चेव आणतं आणि एच2मधून त्यांनाच आवरतं. स्वित्झर्लंडमधल्या मधपाळांचा पुढे अभ्यास झाला. हंगामात डंखांवर डंख बसले की विषाला उत्तर देणाऱ्या त्यांच्या टी पेशी निवळतात, आणि त्यातही एच2चा वाटा दिसला. म्हणजे आग लावणारं आणि विझवणारं रसायन एकच. कोणत्या पेशीवर कोणतं दार उघडं आहे, त्यावर सगळं ठरतं.

दुपारी 3.15
चिंचेवरचं आग्या मोहोळ उठलं. मोटारसायकलवर मधे धरून एकाला आणलं. अंगभर गांधी, ओठ सुजलेले, आवाज घोगरा, नाडी हाताला जेमतेम लागतेय. रक्तवाहिन्या एकदम सैल पडल्यात. "आधी एव्हिल द्या की!" सोबतच्याचा आग्रह. आधी ॲड्रेनालिन, अर्धा मिलीग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ते रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळी करतं आणि मास्ट पेशींनाही आवरतं. एव्हिल एच1 अडवतं खरं, पण कोसळलेला रक्तदाब उचलत नाही. आडवं निजवून पाय उंच केले, सलाइन लावलं, कातडीतले काटे खरवडून काढले. पाच मिनिटांनी नाडी तशीच, म्हणून दुसरा डोस. मग ती भरली. तरी 108 रुग्णवाहिका बोलावून हिंगोलीला पाठवलं, कारण काही तासांनी हा झटका उलटू शकतो.

संध्याकाळी 7.30
एकाला सोयाबीनच्या ढिगाखाली विंचू चावला. घाम, उलट्या, हात-पाय गार. घरून ॲलर्जीची गोळी खाऊन आलाय. विंचवाचं विष मज्जातंतूंना पेटवतं आणि हृदयावर ताण आणतं. त्यावर ॲलर्जीची गोळी नाही, प्राझोसिन. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980च्या दशकात ते वापरून दाखवलं आणि मरणारी माणसं वाचली.

रात्री 9
शटर ओढताना मेडिकलवाल्याला रोजचंच सांगणं: गोळी मागणाऱ्याला आधी विचार, कशानं झालं. आणि वाचणाऱ्यांनाही तेच. साध्या खाजेला, शिंकेला गोळी चालेल. पण मधमाशी चावल्यावर, नवं औषध किंवा खाणं घेतल्यावर अंगभर गांधी येऊन दम लागला, आवाज बसला किंवा चक्कर आली, तर गोळीच्या भरवशावर घरी थांबू नका. थेट दवाखाना गाठा, आणि आधी ॲड्रेनालिन द्या असं सांगा.