ट्रायथलॉन : शर्यतीपूर्वीचा अंतिम सराव

पोहणे, सायकल चालविणे व धावणे ह्या तीन प्रकारांची सलग होणारी शर्यत म्हणजे ट्रायथलॉन. तिच्या दीर्घ पल्ल्याच्या प्रकारात ३.८६ किमी. पोहणे, १८०.२ किमी. सायकल आणि ४२.२ किमी. धावणे एवढे अंतर एकाच दिवसात पार करावयाचे असते. तिच्यासाठी सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत सराव करावा लागतो. त्यातील अखेरचे दहा ते चौदा दिवस इतर सर्व दिवसांहून वेगळे असतात. शर्यतीचे स्थळ उष्ण व जोराच्या वाऱ्याचे असेल, तर ह्या दिवसांतील चुकीची किंमत केवळ काही मिनिटांत मोजता येत नाही. प्रसंगी ती जिवावर बेतते. अशा स्थळांचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे हवाई बेटावरील कोना, आणि पुढील विवेचन मुख्यतः त्याला धरून केले आहे.

ह्या प्रकारची पहिली शर्यत १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई द्वीपसमूहातील ओआहू बेटावर झाली. अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स व त्यांच्या पत्नी जूडी ह्यांनी बेटावरील तीन स्वतंत्र शर्यती एकत्र जोडून ती रचली होती. १५ स्पर्धकांपैकी १२ जणांनी ती पूर्ण केली. गॉर्डन हॅलर हा ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. ‘आयर्नमॅन’ हे तिचे नाव पुढे जगभर रूढ झाले. १९८१ मध्ये ती सर्वांत मोठ्या हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोना येथे नेण्यात आली आणि १९८२ मध्ये फेब्रुवारीऐवजी ऑक्टोबरात होऊ लागली. थंड प्रदेशांतील स्पर्धकांना आपल्याकडील उन्हाळ्यात सराव करता यावा, हा ह्या बदलामागील हेतू होता. म्हणजे हवामानाची सवय हा प्रश्न संयोजकांपुढे आरंभीच उभा राहिलेला होता.

कोनाच्या हवामानाचे मूळ तेथील भूरचनेत आहे. मौना केआ (सु. ४,२०० मी.) व मौना लोआ हे दोन प्रचंड ज्वालामुखी ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे अडवितात. त्यामुळे पश्चिम किनारा आडोशाला राहून कोरडा व तप्त होतो. सायकलचा रस्ता काळ्या लाव्हाच्या उघड्या पठारातून जातो. तेथे सावली जवळजवळ नाहीच. वरून ऊन आणि खालून तापलेल्या खडकाची व डांबराची धग असा दुहेरी मारा होतो. उत्तरेस मौना केआ व कोहाला पर्वत ह्यांच्यामधील खिंडीतून मात्र अडलेला वारा वेग घेऊन किनाऱ्याकडे उतरतो. स्थानिक भाषेत त्यास ‘मुमुकू’ म्हणतात. हावी ह्या गावाजवळ सायकलचा मार्ग परत वळतो. तेथे जाताना व येताना हाच वारा बाजूने झोंबतो. सकाळी शांत असलेला मार्ग दहानंतर अगदी वेगळा होतो, आणि म्हणून केवळ पहाटे सराव करून परतणाऱ्यास शर्यतीच्या मार्गाची खरी ओळख होत नाही.

सराव कमी करण्याची पद्धत : शेवटच्या दहा दिवसांत केलेल्या कष्टांतून नवी क्षमता निर्माण होऊन ती शर्यतीच्या दिवशी हाती यावी, इतका अवधीच उरलेला नसतो. महिनोन्‌महिने साचलेला थकवा मात्र ह्या काळात उतरू शकतो. तो उतरला म्हणजे आधीच कमावलेली क्षमता प्रकट होते. ह्यासाठी सराव टप्प्याटप्प्याने घटवितात. खेळाडूंमध्ये त्याला ‘टेपर’ म्हणतात. ह्या विषयावरील अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण लॉरां बॉस्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानुसार सु. दोन आठवड्यांत सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करावे, परंतु त्याची तीव्रता व वारंवारता कायम ठेवावी, हे सर्वांत लाभदायक दिसते. म्हणजे रोजचे पोहणे वा धावणे सुटत नाही, केवळ आखूड होते, आणि त्यात शर्यतीच्या वेगाचे थोडे तुकडे राहतात. संपूर्ण विश्रांती घेणाऱ्यास अंग जड झाल्यासारखे वाटते व वेगाचा अंदाज चुकतो.

हे समजण्यास सोपे, पण आचरणास अवघड आहे. थकवा उतरू लागताच शरीरात उत्साह दाटतो, पायांत किरकोळ कळा जाणवू लागतात आणि आपली तयारी अपुरी असल्याची शंका मन पोखरू लागते. शर्यतीच्या आठवड्यात कोनाच्या किनाऱ्यालगतच्या अलीई रस्त्यावर जगभरचे पिळदार खेळाडू भर दुपारी धावताना दिसतात. त्यांतील अनेकांची शर्यत तेथेच होऊन जाते, असे म्हटल्यास फारसे चूक होणार नाही. दुसऱ्याचा वेग पाहून आपला सराव बदलणे हा ह्या दिवसांतील सर्वांत सामान्य व सर्वांत महागडा दोष होय.

उष्णतेची सवय : उष्ण हवेत रोज सु. तासभर श्रम केल्यास शरीरात ठराविक क्रमाने बदल घडतात. पहिल्या तीन ते पाच दिवसांत रक्तद्रवाचे आकारमान वाढते आणि त्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी पडू लागतात. त्यानंतर घाम लवकर व अधिक सुटू लागतो, त्यातील लवणांचे प्रमाण घटते. सर्वसाधारणपणे दहा ते चौदा दिवसांत हे अनुकूलन बव्हंशी पूर्ण होते. उष्णता सोडली की ते हळूहळू ओसरते. आठवडाभर वातानुकूलित खोलीत राहिल्यास त्याचा बराच भाग गमावला जातो. येथेच अंतिम दिवसांतील खरा पेच आहे. थकवा घालविण्यासाठी गारवा व विसावा हवा. सवय टिकविण्यासाठी ऊन हवे. ह्यावरील व्यवहार्य तोडगा असा, की सवय शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधीच, घरी असतानाच लावून घ्यावी. बंद खोलीतील सायकल, जाड कपडे किंवा सरावानंतरचे गरम पाण्याचे स्नान ह्यांचा त्यासाठी उपयोग होतो. स्थळी पोहोचल्यावर एक दिवसाआड अर्धा ते पाऊण तास मंद गतीने उन्हात राहिले, तरी ती टिकते. उरलेला दिवस सावलीत व रात्र गारव्यात काढण्यास हरकत नसते, कारण झोप बिघडल्यास बाकी सारे व्यर्थ होते. भारतातून हवाईला जाणाऱ्यास साडेपंधरा तासांच्या कालभेदाशीही जुळवून घ्यावे लागते. त्यामुळे अखेरच्या तीन-चार दिवसांत तेथे पोहोचणे हितावह नाही.

उष्णतेचा हिशेब कोरडा असला, तरी उद्बोधक आहे. सायकल चालविताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सु. २० ते २५ टक्केच चाकापर्यंत पोहोचते. उरलेली उष्णता बनते. २०० वॉट शक्तीने सायकल चालविणाऱ्याच्या शरीरात ६०० वॉट वा त्याहून अधिक उष्णता निर्माण होते. एक लिटर घामाचे बाष्पीभवन झाले, की सु. २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. ह्या हिशेबाने ही उष्णता बाहेर टाकण्यास तासाला जवळजवळ एक लिटर घाम वाळावा लागतो. सायकलवर वाऱ्यामुळे तो तत्काळ वाळतो आणि कातडी कोरडी राहते. आपल्याला फारसा घाम येतच नाही, असा स्पर्धकाचा समज होतो. धावू लागताच वेग घटतो, अंगावरचा वारा कमी होतो. पाठीमागून वारा आल्यास तर अंगाभोवतीची हवा जवळपास स्थिर होते, आणि पाच-सहा तास लपून राहिलेली पाण्याची तूट एकदम उघडी पडते.

१९९५ मध्ये तोवर सात वेळा विजयी झालेली पॉला न्यूबी-फ्रेझर ही आघाडीवर असताना अंतिम रेषेच्या अगदी जवळ कोसळली. बराच वेळ रस्त्यावर पडून राहिल्यानंतर ती चालत चौथी आली. विजय कॅरन स्मायर्सला मिळाला. ११ ऑक्टोबर २०२५ रोजी झालेल्या महिलांच्या शर्यतीत ब्रिटनची लूसी चार्ल्स-बार्कले व अमेरिकेची टेलर निब ह्या दोघी आघाडीच्या खेळाडूंना धावण्याच्या टप्प्यात शर्यत सोडावी लागली. निब तर अखेरच्या काही किलोमीटरांत थांबली. नॉर्वेची सोल्वाय लव्हसेथ विजयी झाली. जगातील उत्कृष्ट तयारीच्या खेळाडूंची ही गत होते, हे सामान्य स्पर्धकाने ध्यानी घ्यावयास हवे. शरीराच्या अंतर्भागाचे तापमान ४०° से.च्या वर जाऊन भान हरपू लागले, तर तो उष्माघात होय. त्यात रुग्णास तत्काळ थंड पाण्यात बुडवून गार करणे हाच पहिला उपचार आहे. शर्यतीच्या आदल्या काही दिवसांत ताप वा जुलाब झाले असल्यास हा धोका वाढतो. अशा वेळी वर्षभराचा सराव व खर्च विसरून माघार घ्यावी लागते, आणि हा निर्णय शर्यतीच्या सकाळपेक्षा आधीच घेतलेला बरा.

वाऱ्याचा सराव : हवेचा रोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६ किमी. वेगाने जाणाऱ्यास समोरून १८ किमी.चा वारा लागला आणि त्याने वेग कायम ठेवण्याचा हट्ट धरला, तर त्याला सव्वादोन पट रोध सोसावा लागतो. जाताना गमावलेला वेळ येताना भरून निघतो, हीही भ्रामक समजूत आहे. शांत हवेत १८० किमी.ला पाच तास लागत असतील आणि वाऱ्यामुळे जाताना वेग २७ व येताना ४५ झाला, तर एकूण पाच तास वीस मिनिटे लागतील. म्हणून अखेरच्या दिवसांत वेगाकडे न पाहता श्रमाचे प्रमाण सम ठेवण्याची सवय करावी लागते. बाजूचा वारा निराळ्या तऱ्हेने त्रास देतो. पुढचे चाक रुंद कड्यांचे असेल, तर झोतासरशी हँडल वळते. हलक्या वजनाच्या स्पर्धकास हे अधिक जाणवते. पाठीमागील भरीव चकतीच्या चाकांवर कोना येथे अनेक वर्षे बंदी होती, ती ह्याच कारणाने. शर्यतीपूर्वी चार-पाच दिवस दुपारच्या वाऱ्यात तासाभराची एक फेरी हावीच्या बाजूस करावी. कोपरे टेकून वाकलेल्या स्थितीत झोत आला असता खांदे सैल कसे ठेवावेत, बाटली कोठे काढावी व कोठे काढू नये, हे तेथेच कळते. त्या फेरीनंतर पुढील चाक बदलण्याची बुद्धी झाल्यास बदलावे. मात्र त्यानंतर सामानात काही नवे आणू नये.

पोहण्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. कोना येथील समुद्र सु. २६° से. उबदार असल्याने तरंगण्यास मदत करणारा रबरी पोशाख तेथे वापरता येत नाही. उसळीच्या पाण्यात एक-दोनदा उतरून दिशा पाहण्याचा सराव पुरेसा होतो.

आहार व पाणी : स्नायूंतील ग्लायकोजेनाचा साठा आहाराने वाढविता येतो, हे स्वीडनमधील बर्गस्ट्रोम व हुल्टमन ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात स्नायूचे सूक्ष्म तुकडे तपासून दाखविले. त्यावरून आधी उपासमार व कठोर श्रम आणि मग भरपूर पिष्टमय आहार अशी खडतर पद्धत निघाली. सराव कमी करून केवळ आहार वाढविल्यानेही जवळजवळ तेवढाच साठा होतो, असे १९८१ मध्ये शर्मन व सहकाऱ्यांनी दाखविल्यावर ती मागे पडली. अखेरचे दीड-दोन दिवस भात, बटाटा, पाव असा पचण्यास हलका आहार घेतात. ग्लायकोजेनाबरोबर पाणीही साठत असल्याने ह्या काळात वजन एक-दोन किलोंनी वाढते. त्याने बिचकण्याचे कारण नाही. पाण्याबाबत मात्र अतिरेक घातक ठरतो. दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंत अति पाणी प्याल्याने रक्तातील सोडियम घसरते, हे दक्षिण आफ्रिकेतील टिम नोक्स ह्यांनी १९८५ मध्ये निदर्शनास आणले. त्यातून झटके व मृत्यूही संभवतो. प्रत्येकाचा घाम वेगळा असतो. म्हणून तशाच उन्हात तासभर सायकल चालवून आधीचे व नंतरचे वजन घ्यावे; प्यालेले पाणी त्यात मिळविले, म्हणजे घामाचे प्रमाण कळते. दुखण्यावरील दाहशामक गोळ्या ह्या दिवसांत घेऊ नयेत, कारण त्या मूत्रपिंडावरील ताण वाढवितात.

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ मध्ये निम्म्या अंतराची आयर्नमॅन शर्यत सुरू झाल्यापासून मराठी स्पर्धकांसाठी हा विषय घरचा झाला आहे. तेथे वाऱ्यापेक्षा दमटपणा अधिक छळतो. आर्द्र हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो आणि शरीर गार होत नाही. पुण्यासारख्या पठारावरील शहरात पहाटेच्या गारव्यात सराव केलेल्यास ह्याची कल्पना येत नाही. सरावातील काही दिवस मुद्दाम उशिरा, ऑक्टोबरच्या उन्हात घालविणे हाच त्यावरील स्वस्त उपाय आहे.

शेवटचा दिवस : आदल्या दिवशी सकाळी तिन्ही प्रकारांची पंधरा-वीस मिनिटांची हालचाल करून सायकल संयोजकांच्या ताब्यात द्यावयाची असते. ती रात्रभर उघड्या आवारात राहते. दुपारच्या उन्हात टायरांतील हवा प्रसरण पावून ते फुटण्याचा संभव असल्याने जाणते स्पर्धक ती थोडी कमी करून ठेवतात. दुपारचे जेवण पोटभर व रात्रीचे बेताचे घेऊन लवकर निजतात. झोप बहुधा लागत नाही. त्याच्या आदल्या रात्रीची पुरेशी झाली असल्यास त्याने फारसे बिघडत नाही. पहाटे तीन-चारच्या सुमारास न्याहारी करून ते अंधारातच धक्क्यावर येतात, टायरांत पुन्हा हवा भरतात आणि बाटल्या जागेवर लावतात.