वेतनपत्रकातील दोनशे रुपये

ठरलेला पगार आणि प्रत्यक्ष घरी येणारा पगार यांत किती अंतर असते, याचा हिशेब आपला कामगार क्वचितच मागतो. भविष्यनिर्वाह निधी, कामगार विमा आणि कर अशा तीन वाटांनी ही रक्कम कमी होते. पहिल्या दोहोंचा मोबदला त्याला उतारवयात वा आजारपणात मिळतो. तिसरी वाट मात्र निराळी आहे आणि ती किती रुंद असावी, हे तो कोणत्या राज्यात काम करतो यावर ठरते.

शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरील आयकर राज्यघटनेने केंद्राकडे सोपविला. राज्यांना व्यवसाय व नोकरी यांवर कर बसविण्याची मुभा दिली. हाच व्यवसायकर. २७६ व्या अनुच्छेदाने त्यास माणशी वार्षिक २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ साली साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये केली.

दरमहा १५,००० रुपये वेतनाच्या कामगाराचे उदाहरण घेऊ. भविष्यनिर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये आणि कामगार विम्याचे ११३ रुपये वजा जाता त्याच्यापाशी १३,०८७ रुपये उरतात. तो पणजीत कामाला असेल तर एवढी रक्कम त्याच्या हाती पडते, कारण गोव्यात व्यवसायकर नाही. बेळगावातही तेवढीच पडेल, कारण कर्नाटकाने २०२३ पासून २५,००० रुपयांखालील वेतन करमुक्त केले आहे. सावंतवाडीत मात्र त्याचे आणखी २०० रुपये जातात, फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्राने २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर स्त्रियांना सूट दिली. पुरुष कामगारास ती नाही.

दोनशे रुपयांचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. पण दरमहा १२,००० मिळविणारा कामगार आणि दोन लाख मिळविणारा अधिकारी हे दोघेही वर्षाला २,५०० रुपयेच भरतात. पहिल्याच्या उत्पन्नाचे ते सुमारे पावणेदोन टक्के, दुसऱ्याच्या जेमतेम एक दशांश टक्का! ज्यास केंद्राचा आयकर लागू होत नाही, त्याच्याच खांद्यावर राज्याचे ओझे अधिक पडावे, हा न्याय उफराटा आहे.

हा कर मुळातच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. १९७५ साली महाराष्ट्राने तो बसविला तो रोजगार हमी योजनेसाठी. पगारदाराच्या पैशातून दुष्काळी भागातील मजुराच्या हाताला काम मिळावे, या कल्पनेत सामाजिक ऋणाची जाणीव होती. कराचा हेतू स्पष्ट असला की देणाऱ्याचा हातही आखडत नाही.

चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १२,००० आणि पंधराव्याने १८,००० रुपयांवर नेण्याची शिफारस केली. १९८८ नंतर रुपयाची जी घसरण झाली ती पाहता वाढीची मागणी गैर नव्हे. परंतु वाढ सरसकट झाली, तर १८,००० च्या हिशेबाने महिन्याला १,५०० रुपये कापले जातील आणि अल्पवेतनी कुटुंबाच्या वाणसामानावरच घाला येईल. म्हणून मर्यादा वाढविताना करमुक्त वेतनाची पातळीही संसदेनेच घालून द्यावी आणि चढत्या उत्पन्नाला चढता दर असावा. व्यवसायकर नसलेल्या गोव्यानेही याबाबत निश्चिंत राहू नये. तिजोरीला ओढ लागली की नव्या मर्यादेचा मोह कोणत्याही सरकारला पडू शकतो आणि तेव्हा कामगार संघटनांनी जागे होऊन उपयोग नाही.