अंदाजपंचे जेवणाला ग्रॅमचा हिशेब : स्वयंपाकघरातील वजनकाटा कसा निवडावा?

वजन कमी करण्याचा निश्चय केलेल्या अनेक घरांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. भात निम्म्यावर आणला, गोड सोडले, संध्याकाळचे चालणेही सुरू केले. तरी वजन जागचे हलत नाही. मग ‘लपून काहीतरी खात असणार’, अशी शंका घरातील मंडळी बोलून दाखवतात आणि ती व्यक्ती हिरमुसून सारेच सोडून देते. पुष्कळदा येथे दोष मनोनिग्रहाचा नसतो, मापाचा असतो. मूठभर खोबरे, फोडणीपुरते तेल, डावभर भात ही आपल्या स्वयंपाकाची मापे चवीसाठी अचूक आहेत. उष्मांकांचा हिशेब मात्र त्यांवर मांडता येत नाही. तो मांडायचा असेल, तर साधा डिजिटल वजनकाटा उपयोगी पडतो.

नजर कोठे फसते?

काकडी, दुधी किंवा पालेभाजी अंदाजापेक्षा शंभर ग्रॅम जास्त खाल्ली, तरी फारसे बिघडत नाही. नजर फसते ती तेल, खोबरे, काजू आणि भात यांच्या बाबतीत. एक ग्रॅम तेलातून सुमारे 9 किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पोहे खाण्याचा मोठा चमचा भरून तेल घेतले, तर ते साधारण 14 ग्रॅम भरते. असे तीन चमचे तेल नकळत जास्त पडले, तर सुमारे 100 ग्रॅम कच्च्या तांदळाइतकी ऊर्जा वाढते. ताटात मात्र काहीच वाढलेले दिसत नाही. ओल्या खोबऱ्याच्या 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे ते चारशे किलोकॅलरी असतात. खोवलेला नारळ वाटीत सैल भरला की दाबून, यावर हुमणाचा सारा हिशेब बदलतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शिकेत 2,000 किलोकॅलरींच्या दिवसभराच्या आहारासाठी तेल-तुपाचे प्रमाण 27 ग्रॅम सुचवले आहे. ही आकडेवारी ग्रॅममध्ये आहे, वाट्या-चमच्यांत नव्हे. त्यामुळे ती घरात पाळायची, तर मोजण्याचे साधनही त्याच परिमाणाचे हवे.

खरेदी करताना काय पाहावे?

*क्षमता आणि सूक्ष्मता :* 5 किलोपर्यंत वजन पेलणारा आणि एकेका ग्रॅमने आकडा दाखवणारा काटा घरासाठी पुरेसा आहे. भरलेले पातेले ठेवायचे असल्याने 1 किलोची क्षमता अपुरी पडते. सोने-चांदी मोजण्याचे छोटे काटे अतिसूक्ष्म असले, तरी त्यांवर ताट मावत नाही. स्प्रिंगवर चालणारे, तबकडीचे काटे दहा-वीस ग्रॅमचा फरक नीट दाखवत नाहीत. म्हणून ते या कामाचे नाहीत.

*शून्य करण्याची कळ :* या कळीवर बहुधा ‘टेअर’ असे लिहिलेले असते. रिकामे भांडे ठेवून ती दाबली की आकडा शून्यावर येतो आणि पुढे केवळ जिन्नसाचे वजन दिसते. तेलासाठी याची एक सोपी युक्ती आहे. तेलाची बाटलीच काट्यावर ठेवून शून्य करावे, फोडणीला तेल ओतून बाटली परत ठेवावी. उणे चिन्हासह दिसणारा आकडा म्हणजे कढईत गेलेले तेल.

*पडदा आणि बंद होण्याची वेळ :* मोठे ताट ठेवल्यावर आकडे झाकले जात नाहीत ना, हे दुकानातच पाहावे. काही काटे एक-दोन मिनिटांत आपोआप बंद होतात आणि भाजी चिरेपर्यंत आधीची नोंद पुसली जाते. हा अवधी जितका जास्त, तितके सोयीचे.

*बॅटरी आणि पृष्ठभाग :* रिमोटमध्ये वापरले जाणारे पेन्सिल सेल गावातील दुकानातही मिळतात. नाण्याच्या आकाराचा सेल असलेला काटा घेतल्यास तो लहान मुलांच्या हाती लागणार नाही, याची दक्षता घ्यावी; असा सेल गिळल्यास जिवाला धोका असतो. गोव्यातील दमट, खाऱ्या हवेत बॅटरीची टोके गंजतात. त्यामुळे वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवावेत. काच किंवा स्टेनलेस स्टीलचा सपाट पृष्ठभाग पुसण्यास सोपा असतो.

मोबाइलशी जोडल्या जाणाऱ्या महागड्या काट्याची गरज बहुतेकांना नसते. तो वजन अचूक सांगेल. आपल्या घरच्या हुमणात नारळ किती, हे त्याला ठाऊक नसते.

काटा खरा की खोटा?

या काट्यात धातूची एक पट्टी असते. भाराने ती किंचित वाकते आणि तिच्यावरील संवेदकाचा विद्युत रोध बदलतो. त्या बदलाचे रूपांतर आकड्यात होते. म्हणून काटा नेहमी टणक, समतल ओट्यावर ठेवावा. पडताळणीसाठी दहा रुपयांची दहा नाणी एकत्र ठेवावीत. वजन 77 ग्रॅमच्या आसपास यायला हवे. एक-दोन ग्रॅमचे जिन्नस मात्र अशा काट्यावर भरवशाने मोजता येत नाहीत.

कच्चे मोजावे की शिजलेले?

सर्वाधिक गोंधळ येथे होतो. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 350 किलोकॅलरी असतात. शिजताना तांदूळ पाणी शोषतो आणि त्याचे वजन अडीच-तीन पट होते. ऊर्जा तेवढीच राहते. समजा, 300 ग्रॅम तांदळाचा भात 840 ग्रॅम झाला. त्यातील एकूण ऊर्जा 1,050 किलोकॅलरी. ताटात 210 ग्रॅम भात वाढला, तर तो एकूण भाताचा चौथा हिस्सा. म्हणजे सुमारे 262 किलोकॅलरी. हीच रीत कालवणालाही लागू पडते. रिकाम्या पातेल्याचे वजन एकदा लिहून ठेवावे, म्हणजे शिजलेल्या पदार्थाचे वजन काढणे सोपे जाते.

मोजमाप किती काळ?

आयुष्यभर प्रत्येक घास मोजणे कोणालाही जमणारे नाही आणि आवश्यकही नाही. दोन-तीन आठवडे नेमाने मोजल्यावर आपल्या घरातील डाव, वाटी आणि पळी यांचे खरे माप नजरेत बसते. त्यानंतर अधूनमधून पडताळणी पुरते. वाढत्या वयाची मुले आणि गर्भवती यांच्या ताटावर काटा लावू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आहारात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मोजल्याशिवाय जेवताना धास्ती वाटू लागली, पंगतीला बसणे टाळावेसे वाटू लागले, तर काटा कपाटात ठेवून तज्ज्ञांशी बोलावे.