कोष्टकांतून आकृति

सिद्धेश्वर तलावाच्या कांठानें फिरून अक्षांश-रेखांशांचें कोष्टक जमविलें, तरी हातीं येतात ते सुटे बिंदु. क्यूजीआयएस ही संगणकप्रणाली ते क्रमानें जोडते, शेवटचा पहिल्याशीं मिळविते, आणि मग क्षेत्रफळ निघतें. क्रम चुकला कीं रेषा एकमेकींस छेदतात, क्षेत्रफळ खोटें ठरतें. शेताच्या बांधाचें असें झालें, तर भावाभावांत कज्जा ठरलेलाच!

शाळेंत आम्ही आधीं अक्षांश सांगत असूं. ही प्रणाली क्ष म्हणून रेखांश मागते. सोलापूर सुमारें १७.६६ उत्तर, ७५.९१ पूर्व. रकाने उलटले कीं आपलें शहर थेट स्पिट्सबर्गेनच्या दक्षिणेस, ध्रुवाकडील समुद्रांत! यंत्र तक्रार करीत नाहीं. म्हणून आधीं एकच बिंदु टाकून पाहावा.