राज्यकर्ते गेले, त्यांच्या प्रार्थनास्थळांचं काय करायचं? द्रोणागिरीचं चर्च आणि तैवानचं शिंतो मंदिर

भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडली की आपण उरणच्या मोरा बंदरात उतरतो. उरण ओलांडून करंजाच्या दिशेनं गेलं की समोर द्रोणागिरीचा डोंगर दिसतो. माथ्यावर किल्ल्याचे अवशेष आहेत आणि त्यातच पोर्तुगीज काळातलं एक पडकं चर्च. १७३९ मध्ये मानाजी आंग्रे यांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला. सत्ता गेली, प्रार्थना थांबली, चर्च तिथंच राहिलं.

असाच प्रश्न जगात अनेक ठिकाणी पडला. सगळ्यात ठसठशीत उदाहरण आहे जपानचं.

जपानने काय केलं होतं?

तैवान १८९५ पासून आणि कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. तिथं जपानने शिंतो मंदिरं बांधली. शिंतो हा जपानचा स्वतःचा धर्म, पण ही मंदिरं फक्त भक्तीसाठी नव्हती. तिथं जाऊन वाकणं म्हणजे सम्राटाशी निष्ठा दाखवणं. शाळकरी मुलांनाही रांगेनं नेलं जायचं. नकार देणाऱ्या कोरियन ख्रिश्चनांना तुरुंगात टाकलं गेलं. चू गी-चोल नावाचे पाद्री १९४४ मध्ये तुरुंगातच वारले.

मग १९४५ मध्ये काय झालं?

१५ ऑगस्टला जपानच्या शरणागतीची बातमी आली आणि त्याच रात्री प्योंगयांगमधलं शिंतो मंदिर लोकांनी पेटवून दिलं. सोलच्या नामसान डोंगरावरचं १९२५ मधलं मोठं मंदिर तर जपान्यांनी स्वतःच उतरवलं. आपल्या देवाची विटंबना नको, हे त्यामागचं कारण.

तैवानमधल्या ताओयुआनचं मंदिर मात्र वाचलं. १९३८ मध्ये बांधलेल्या या लाकडी मंदिरात पुढे चीन प्रजासत्ताकाच्या हुतात्म्यांचं स्मारक झालं. म्हणजे वास्तू जपानी, आत आठवण जपानविरुद्ध लढलेल्यांचीही! १९८५ च्या सुमारास ते पाडायचं ठरलं, तेव्हा वास्तुरचनाकार आणि अभ्यासकांनी विरोध केला. १९९४ मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. वाद तरीही संपला नाही. २०२२ मध्ये तिथं जपानच्या सूर्यदेवीची स्थापना झाली आणि हुतात्म्यांच्या जागी ही देवी कशी, असा सवाल उभा राहिला.

आपल्याकडे काय झालं?

आपल्याकडे तीन वाटा दिसतात. पहिली घंटांची. वसईच्या विजयानंतर चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत बांधल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या दर्शनी भिंतीतली १७२१ सालची घंटा आजही तिथंच आहे.

दुसरी वाट वसई किल्ल्यातली. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीत क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संत ठरले. त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं चर्च किल्ल्यात आहे आणि त्यांच्या सणाला भाविक तिथं जमतात. राज्य गेलं, पण श्रद्धा स्थानिक माणसांची झाली होती.

तिसरी वाट द्रोणागिरीची. कुणी जाळलं नाही, कुणी वापरलंही नाही. ऊन, पाऊस आणि झाडांची मुळं आपलं काम करत राहिली.

मग जपायचं कशाला?

कारण जपणं म्हणजे त्या राज्याचा गौरव करणं नव्हे. ताओयुआनचं मंदिर उभं आहे म्हणूनच तिथं मुलांना विचारता येतं, की हे कुणी बांधलं आणि इथं कुणाला जबरदस्तीनं वाकायला लावलं. वास्तू गेली की प्रश्नही जातो.

पुढच्या वेळी मोऱ्याला उतरलात तर द्रोणागिरीही चढून या. भिंतींवर नावं मात्र कोरू नका.