डॉक्टरांची वंशावळ



समजा, शिरूर तालुक्यातल्या कारेगावात एका घरी लहान मुलाला जुलाब लागले आहेत. त्याची ताई एक लिटर पाणी उकळून गार करते. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवते व भावाला घोट घोट पाजत राहते. गावातल्या आशाताईंनी तिला हे शिकवले आहे. पण डॉक्टर नसलेल्या बाईकडे हे काम सोपवावे, हा विचार आला कोठून? त्याची एक वाट शोधताना आपण दोनशे वर्षे मागे जातो, तीही थेट अमेरिकेत!

न्यूयॉर्कचे डॉ. जॉन स्कडर १८१९ साली चालता दवाखाना सोडून पत्नीसह जहाजाने सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, निघाले. मिशनरी म्हणून परदेशी गेलेल्या पहिल्या अमेरिकन डॉक्टरांत त्यांची गणना होते. १८३६ मध्ये ते मद्रासला आले. त्यांच्या सात मुलांनी भारतात काम केले. त्यांपैकी जॉन याची मुलगी आयडा १८७० मध्ये जन्मली.

आयडाला डॉक्टर व्हायचे नव्हते. पण तिंडिवनमला वडिलांकडे असताना एका रात्री तीन घरची माणसे एकामागून एक आली. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या होत्या. वडील डॉक्टर होते, परंतु पुरुषाने बाईला तपासणे त्या घरांना मान्य नव्हते. आयडाला वैद्यक येत नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया दगावल्या. आयडा अमेरिकेला गेली, १८९९ मध्ये डॉक्टर झाली आणि परत आली. १९१८ मध्ये तिने वेल्लोर येथे मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. १९४७ पासून तेथे मुलांनाही प्रवेश मिळू लागला.

येथे वंशावळीने वळण घेतले. आजोबांकडून नातीकडे आलेली विद्या आता घराबाहेर पडली. याच वेल्लोरमध्ये रजनीकांत आरोळे आणि मेबल हे दोघे शिकले, १९५९ मध्ये डॉक्टर झाले आणि पुढच्या वर्षी विवाहबद्ध झाले. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या रुग्णालयात काम करताना त्यांना एक गोष्ट खटकली. बरी होऊन गेलेली मुले तोच आजार घेऊन पुन्हा येत. घाण पाणी आणि अपुरे अन्न यांवर रुग्णालयात औषध नव्हते.

दोघांनी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० मध्ये दुष्काळी जामखेड गाठले. कारेगावावरून जाणाऱ्या रस्त्याने नगरला पोहोचून पुढे आग्नेयेला गेले की जामखेड लागते. तेथे त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका केले. त्यांतल्या अनेकींना लिहितावाचता येत नव्हते. त्या बाळंतपण करू लागल्या, मुलांची वजने घेऊ लागल्या आणि मीठ-साखरेचे पाणी शिकवू लागल्या.

हे साधे पाणी काय करते? जुलाबात शरीरातले पाणी व क्षार निघून जातात आणि त्यानेच मूल दगावते. अशा वेळी नुसते पाणी पुरत नाही. आतड्याच्या पेशींवरील एक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेते. मिठातून सोडियम मिळते, साखरेतून ग्लुकोज. ती जोडी आत गेली की मागोमाग पाणी शोषले जाते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मिश्रणाने कॉलऱ्याचे असंख्य रोगी वाचवले. मात्र माप चुकवू नका. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. आरोग्य केंद्रातली पुडी मिळाली तर तीच वापरा. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली, तर लगेच दवाखाना गाठा.

आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातल्याच बाईला आरोग्याचे काम शिकवायचे, हेच तत्त्व २००५ पासूनच्या ‘आशा’ योजनेत आहे.

आता वहीत ही वंशावळ काढा. स्कडर आजोबा, नात आयडा, वेल्लोरचे विद्यार्थी, जामखेडच्या आरोग्यसेविका. पहिल्या दोघांचेच रक्ताचे नाते आहे. पुढची सारी नाती शिकवण्याची आहेत. सर्वांत खाली एक जागा रिकामी ठेवा. हे पाणी करायला घरात कोणाला शिकवलेत, की तेथे तुमचे नाव लिहा!